तिला मानवेल तो वाण

१७ नोव्हेंबर

नर्स सुपापने ही वही दिली. म्हणाली, "खामसिंगकाका, रोज लिहायचं. काय खाल्लं, किती झोप झाली, दुखणं कधी वाढलं, तेलाचे किती थेंब दिले." मी म्हटलं, चौथी शिकलेला माणूस मी, कालव्याच्या दरवाजाची नोंद सोडून जन्मात काही लिहिलं नाही. ती म्हणाली, "मग तसंच लिहा. पाणी किती आलं, किती गेलं."

तर लिहितो. बुआलोय, माझी बायको, वय अठ्ठावन्न. वजन अडतीस किलो. पित्ताच्या नळीचा कॅन्सर. आत नळी बसवली तरी डोळे पिवळेच. सकाळी तीन चमचे पेज, त्यातले दोन बाहेर. खाज अंगभर, तळपायांना जास्त. दुपारी पोटात कळ, दीड तास. दवाखान्यातल्या गांजाच्या तेलाचे दोन थेंब जिभेखाली. फरक नाही.

डॉक्टर म्हणाले, कच्च्या माशातला किडा. आमच्याकडे कच्चा मासा कोण खात नाही? मासे मी पकडून आणायचो. दोघं एकाच ताटात खायचो. मला काही झालं नाही.

१९ नोव्हेंबर

पेज दोन चमचे. थेंब तीन. कळ सकाळीही आली. तिने उशी चावून भोक पाडलं.

२१ नोव्हेंबर

आज सकोन शहरात गेलो. जूनमध्ये गांजाचा कायदा बदलल्यापासून तिथे दर गल्लीत हिरव्या पानाची पाटी आहे. ज्याच्यासाठी माणसं तुरुंगात सडली ते आता काचेच्या बरणीत, मिठाईसारखं मांडून ठेवलंय. मला आत जायला लाज वाटली. दोनदा पुढे गेलो, दोनदा मागे आलो.

दुकानात मेव नावाची बाई होती, दोन्ही हातांवर गोंदलेलं, पण बोलायला पोटच्या पोरीसारखी. मी म्हटलं, सगळ्यात जोरदार असेल ते दे.

"जोरदार म्हणजे चांगलं असं नसतं, काका. दुखणं काय, कुठल्या वेळचं, ते सांगा."

तिने तीन बरण्या पुढे ठेवल्या. एक उंच, बारीक पानांच्या झाडाचा वाण. डोकं जागं राहतं, भूक लागते, माणूस बोलका होतो. दुसरा बुटक्या, रुंद पानांचा, परदेशी. अंग जड होतं, झोप लागते. तिसऱ्यात नशा जवळपास नाही, जिवाला थोडी शांतता मिळते. दवाखान्याचं तेल त्याचंच. "आणि संकर म्हणाल तर शेकडो," ती म्हणाली. "नावांवर मात्र जाऊ नका. एकाच नावाच्या दोन बरण्या दोन तऱ्हेच्या निघतात. ज्याच्या अंगाला जो मानवेल तो त्याचा."

मी दुसऱ्या बरणीवर बोट ठेवलं.

"काकूंना झोप हवीय? त्यांना विचारलंत?"

"विचारलं," मी म्हटलं.

विचारलं नव्हतं. पण रात्रंदिवस कण्हणाऱ्या माणसाला झोपच हवी असणार, त्यात विचारायचं काय? तिने खोबरेल तेलात उतरवलेला घट्टसर अर्क बाटलीत भरून दिला. तांदळाच्या दाण्याएवढा, याहून जास्त नाही, असं तीन वेळा बजावलं.

२२ नोव्हेंबर

दुपारी एक दाणा दिला. दीड तासाने डोळे मिटले. कळ नाही, कण्हणं नाही. घर असं शांत मी मे महिन्यापासून ऐकलं नव्हतं. मी ओसरीवर आडवा झालो आणि मलाही झोप लागली. जागा झालो तेव्हा रडू आलं, बरं वाटल्याचं.

पोरीचा, लामदुआनचा, फोन आला होता. ती चोनबुरीला कारखान्यात आहे, तिला रविवारीच सुट्टी, पण आज जेवणाच्या वेळात तिने व्हिडिओ लावला. आई झोपलीय म्हटलं. पोरगी म्हणाली, "उठवा ना जरा." नाही उठवलं.

२३ नोव्हेंबर

अमावास्या. बुआलोय दर अमावास्येला आणि पौर्णिमेला डोंगरावरच्या विहारात जाते. गावात विहार असताना तिला तोच लागतो. मोठी टोपली भरून चिकट भात, मिरचीची चटणी, वाळवलेलं मांस. येताना टोपली रिकामी. मी कितीदा थट्टा केली असेल, "तिकडचे भिक्षू आहेत की हत्ती?" ती हसायची नाही.

या महिन्यात तिच्यात उभं राहायचं त्राण नाही. तरी पहाटे म्हणाली, "मोटरसायकलवर बसवून न्या मला. मी धरून बसेन."

तो रस्ता तिला सोसला नसता. म्हणून पेजेतून दाणा दिला. संध्याकाळपर्यंत झोपली. उठली तेव्हा खिडकीतून उतरलेलं ऊन बघत बराच वेळ पडून होती. पाणी मागितलं तेव्हा जीभ जड झाल्यासारखी वाटली.

पेज दोन चमचे.

२८ नोव्हेंबर

एका दाण्याने आता भागत नाही. कळ पुन्हा वर येते. दोन देतोय. खाणं कमीच झालंय, झोपलेल्या माणसाला भरवणार कसं? पण दुखणं तर नाही ना. एका वेळी एकच मिळतं, असं मी स्वतःला सांगतो.

१ डिसेंबर

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय.

सकाळी कळ आली ती थांबेना. मी दोन दाणे दिले. तासाभराने काही होईना म्हणून आणखी दोन. मग सगळं एकदम आलं. तिचे डोळे फिरले, छाती धडधडायला लागली, घरात पाणी भरलंय म्हणाली, खाटेवर पाय वर घेऊन बसली. मला ओळखेना. मी जवळ गेलो की किंचाळायची. आणि एकच हाक, "दादा! दादा!" शेजाऱ्यांनी गाडी काढली.

डॉक्टर माझ्यावर ओरडले, आणि बरोबरच ओरडले. तिचं यकृत थकलंय, आत गेलेलं लवकर उतरत नाही, साचत जातं. वर पोटातून घेतलेल्याला चढायला वेळ लागतो. तेवढा दम धरायला हवा होता.

सुपापने बाटली हातात घेऊन बघितली. "हा वाण कुणी निवडला?"

"मी."

"कुणासाठी?"

काय विचारते? तिच्यासाठी. दुसऱ्या कुणासाठी निवडणार?

४ डिसेंबर

घरी आणलं. आज ती नीट जागी आहे. दुखतंय, पण जागी. मला खाटेजवळ बसवून घेतलं.

"पोरीचे बाबा, मला ते शहरातलं नको."

"मग दुखेल."

"दुखू दे थोडं. झोपायला पुढे पुष्कळ वेळ आहे. मला दादाचं झाड हवंय. डोंगरावरचं, खारीच्या शेपटीसारख्या तुऱ्याचं. आई कोंबडीच्या रश्शात त्याची पानं टाकायची. ते खाल्लं की मला भूक लागायची."

मी उठून बाहेर आलो.

दादा म्हणजे थोंगदाम, तिचा सख्खा थोरला भाऊ. सत्तावीस वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. ते का, ते लिहितो. कुठेतरी लिहायलाच हवं.

त्या साली मी गावच्या मुखियाचा सहायक होतो. पोलिस वर डोंगरात गेले, गांजाचं शेत सापडलं, मालक सापडेना. ते शेत अर्ध्या गावाचं होतं, पण डोंगरात राहायचा एकटा थोंगदाम. मुखिया बाहेरगावी होता. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. पंच म्हणून लिहायचं होतं, शेत कुणाचं. मी नाव लिहिलं आणि सही केली. थोंगदामला नऊ वर्षं झाली. मी भ्यालो होतो. आणि हेही लिहितो, की आमच्या लग्नात तो चार माणसांत म्हणाला होता, "माझ्या बहिणीने बिनजमिनीचा नवरा केला." ते मी विसरलो नव्हतो. पुढच्या वर्षी मला कालव्यावरची नोकरी लागली. त्याचा याच्याशी संबंध नाही.

बुआलोयला मी सांगितलं की सही मुखियाने केली. मुखिया वारला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिला काही माहीत नाही.

७ डिसेंबर

गेलो.

वाट दोनदा चुकलो. शेवटी विहाराच्या मागून एक पायवाट दिसली, चांगली रुळलेली, कुणीतरी नेहमी वापरत असल्यासारखी. तिच्या टोकाला त्याची झोपडी. बाहेर सरकारी परवान्याचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून खांबाला ठोकलेला, आणि मागे झाडं, माझ्याहून उंच. तुरे खरंच खारीच्या शेपटीसारखे. दोरीवर निळीत रंगवलेला पंचा वाळत होता, वीण अगदी बुआलोयच्या हातमागावरची. तशी वीण बाजारात मिळते म्हणा.

थोंगदाम सत्तरीकडे झुकलाय. ताठ आहे. मला बघून विळा खाली ठेवला नाही.

"या, सहायकसाहेब. पंच म्हणून आलात की पाव्हणे म्हणून?"

"दादा, बुआलोय..."

"तिच्या तळपायांची खाज कमी झाली का?"

त्याला कसं कळलं कोण जाणे. गावातल्या बातम्या वर पोचत असतील.

मी शहरातल्या बाटलीचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "अमावास्येला आली नाही तेव्हाच वाटलं मला, काहीतरी..." आणि वळला. मला झाडांपाशी नेलं.

"हे बघ. हे आपलं. पान बोटासारखं बारीक, वर वर जाणारं. हे खाल्लं की माणूस उठून बसतो, हसतो, ताट चाटतो. पण जिवाला भीती असेल तर भीतीही वाढवतं, म्हणून थोडंच. ते कोपऱ्यातलं बुटकं, बी मला एकाने दिलं. ते पाडतं. रात्री अगदीच सहन होईना तर चिमूटभर. आणि ते तिसरं दवाखान्याच्या बियाचं, त्याला नशा नाही. जास्त झालं तर ते उतारा म्हणून बरं. आता सांग, तिला काय हवंय?"

"तिने हे मागितलंय. तुमचं."

"मग हे. आणि किती, कधी, ते ती ठरवेल. तू नाही."

पानं केळीच्या पानात बांधून दिली, तुऱ्यांचं तेल एका छोट्या बाटलीत. बदल्यात काही घेतलं नाही. मी पाठ फिरवली तेव्हा म्हणाला, "मी खाली येऊ शकतो. पण त्या घराचा उंबरा तुझा आहे."

मी मान हलवली आणि गाडी सुरू केली. 'या' म्हणायला तोंडच उघडलं नाही.

९ डिसेंबर

कोंबडीचा रस्सा, त्यात तीन पानं. बुआलोयने आधी नुसता वास घेतला आणि डोळे मिटले. अकरा चमचे! शेजारणीला हाक मारून मोजायला लावले. ओकारी नाही. कळ आली, पण ती म्हणाली, "आहे तिथे, पण लांब बसलीय."

संध्याकाळी लामदुआनशी अर्धा तास बोलली. पोरीला हसवलं. शेवटचं असं कधी हसवलं होतं आठवत नाही.

१० डिसेंबर

मागावर बसायचंय म्हणाली. उचलून बसवलं. चार ओळी विणल्या. बोलतेय, सारखी बोलतेय. नीळ कशी आंबवायची ते शेजारणीला, लुगडी कुणाला द्यायची ते मला. तिच्या बोलण्याने घर भरून गेलंय. मी जरा कालव्यापर्यंत जाऊन आलो.

१२ डिसेंबर

रस्सा खाऊन झाल्यावर तिने मला बसा म्हटलं. आवाज अगदी साधा.

"सही तुमची होती. मला माहीत आहे."

मी म्हटलं, कसली सही.

"निकालाच्या दिवशी कोर्टात कागद वाचून दाखवला. मी मागच्या बाकावर होते. तुम्ही घरी भात लावत होतात."

सत्तावीस वर्षं. माझ्या ताटात वाढत होती, माझ्या शेजारी झोपत होती, पोर वाढवत होती. आणि दर अमावास्या-पौर्णिमेची ती टोपली. नऊ वर्षं ती बस धरून तुरुंगात जायची, तो सुटल्यापासून डोंगरावर. भिक्षू, हत्ती! हसतच होतो मी.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. माणूस आज नाही उद्या सांगतो. मग पोर झाली, मग तिची शाळा, मग तिचं लग्न. आता उद्या उरलेला नाही, म्हणून मीच बोलले."

मी उठलो. भांडी घासली.

१३ डिसेंबर

आज सकाळी रश्शात शहरातल्या बाटलीतला दाणा घातला.

तिला कळ होती. होती, खरंच होती. पण तिने मागितलं नव्हतं. रस्सा पिताना तिने माझ्याकडे बघितलं, आणि पिऊन टाकला. चव तिला कळली असणार.

दिवसभर झोपली. मी बाहेर बसलो होतो. घर शांत होतं आणि ती शांतता मला सहन होईना.

१४ डिसेंबर

उठली. पाणी मागितलं. मग विचारलं, "काल कुठला दिलात?"

"तिकडचा."

"कुणाला मानवला?"

मी बाटली घेऊन मागच्या अंगणात गेलो आणि मातीत ओतली. तिच्याकडे किती दिवस आहेत, डॉक्टर सांगत नाहीत. त्यातला एक मी काल चोरला. त्याआधीचेही चोरले, अमावास्येचा, पोरीच्या फोनचा. तिला झोप हवी होती म्हणून नव्हे. ती जागी असली की मला तिच्या डोळ्यांत बघावं लागायचं.

मला वाटत होतं मी औषध देतोय.

१५ डिसेंबर

पुन्हा डोंगरावर. थोंगदाम तुरे कापत होता.

मी म्हटलं, "दादा, घरी चला." पुढचं सगळं वाटेत घोकलं होतं, ते काही आठवलं नाही.

त्याने विळा कमरेला खोचला, तोंड धुतलं, तो निळा पंचा खांद्यावर घेतला आणि माझ्या मागे बसला. मला धरलं नाही, मागची दांडी धरली. पूर्ण उतारभर.

बुआलोयने आज सकाळपासून काही घेतलं नव्हतं, पान नाही, थेंब नाही. "आज मला कोरी राहू द्या," म्हणाली. घामाने भिजली होती, ओठ फाटले होते चावून. भाऊ दारात दिसला तेव्हा म्हणाली, "वहाणा काढ, दादा, पुसलंय मी." एवढ्यात तिने फडकंसुद्धा हातात धरलेलं नाही. थोंगदाम हसला आणि मग पंचा तोंडाला लावून उभा राहिला.

तो तिच्या पायांशी बसला, तळपाय मांडीवर घेतले, खाजवायला लागला हळूहळू. ती माझ्याकडे बघत होती. ती काय बघतेय ते मला कळत होतं.

मी खाली बसलो. कपाळ जमिनीला टेकवलं. "दादा, त्या कागदावर नाव मी लिहिलं. सही माझी. मुखियाची नाही. मला कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. मीच लिहिलं."

तो खाजवतच राहिला.

"माहीत आहे," म्हणाला. "नऊ वर्षं तुझ्याच घरचा भात खाल्ला मी. तू मागू नकोस, मला माफी देता येणार नाही. माझी आई मी आत असताना गेली, तिला मी अग्नी दिला नाही. ते कुठून आणून देशील?"

"नाही देता येणार."

"नाहीच. पेज कुठे आहे? निवली असेल, गरम करून आण."

मी पेज गरम करून आणली. त्याने तिला टेकवून बसवलं, मी भरवली. चार चमचे. मग ती म्हणाली, "आता दे थोडं. तुझं, दादा." त्याने बाटली तिच्याच हातात दिली. तिने जिभेखाली दोन थेंब सोडले आणि झाकण स्वतः लावलं.

२४ डिसेंबर

थोंगदाम ओसरीवर झोपतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो, "पाणी," "धर," "हळू." लामदुआन सुट्टी काढून आली. बुआलोयचं खाणं पुन्हा कमी झालं, पण जागी असते तेव्हा पूर्ण जागी असते. काल भावाबहिणीत भांडण, लहानपणी म्हैस कुणी हरवली यावरून. तासभर. पोरगी पोट धरून हसत होती. मीही हसलो, तर तिघांनी माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा म्हशीवर आले.

रात्रीसाठी बुटक्या झाडाचं चिमूटभर. ती मागते तेव्हाच.

३ जानेवारी

आज नुसतं पाणी. सुपाप घरी येऊन गेली. बाहेर अंगणात मला म्हणाली, "काका, आता फार नाही." मी म्हटलं, कळतंय.

बुआलोयने दुपारी माझा हात शोधला. मी म्हटलं, "तुला माझा राग नाही आला कधी?"

"आला की. अजून आहे." मग थोड्या वेळाने, "तुम्ही काय, राग आला म्हणून माणूस सोडतात असं समजता?"

५ जानेवारी

गेली. सकाळी, ऊन वर आल्यावर. डोळे उघडे होते. एका बाजूला पोरगी, एका बाजूला भाऊ, मी पायांशी.

९ जानेवारी

अग्नी थोंगदामने दिला. मीच म्हटलं तसं. लोकांत कुजबुज झाली, नवरा असताना भाऊ का म्हणून. पोरीने मला विचारलं नाही. तिला मामाने सांगितलं असेल, किंवा आईने.

आज अस्थी विहारात ठेवल्या, डोंगरावरच्या. लामदुआन दुपारच्या बसने परत गेली. थोंगदामने त्याचं गाठोडं बांधलं. मी गाडी बाहेर काढली. म्हटलं, चला, वरपर्यंत सोडतो.

"चालत जाईन."

"चढ मोठा आहे, दादा."

तो चालायला लागला. मी थोडा वेळ फाटकात उभा राहिलो. मग गाडी सुरू केली आणि त्याच्या मागून निघालो, पहिल्या गिअरमध्ये, तो चालेल त्या वेगाने. गाडी दोनदा बंद पडली. तो थांबला नाही, वळला नाही. चढ संपून झोपडी दिसेपर्यंत दोन तास लागले. तो एकदाही मागे वळला नाही. पण परत जा, असंही म्हणाला नाही.